कांद्याच्या मुळात गुणसूत्रं बघायची कशी: स्लाइड करण्यापासून मोजण्यापर्यंत

"सर, नुसतं लाल दिसतंय. बाकी काय बी दिसंना."

दरवर्षी पेशीविभाजनाच्या प्रात्यक्षिकाला हे वाक्य एकदा तरी कानावर येतंच. मी साताऱ्यात ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवतो. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था ही नावं मुलांना झोपेतून उठवून विचारली तरी येतात. आकृत्याही सुरेख काढतात. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की मात्र त्या आकृत्या कुठंच सापडत नाहीत, कारण पेशी काही आपली वही बघून विभागत नाही. आकृतीतल्या पेशीत चार गुणसूत्रं असतात आणि ती शहाण्यासारखी रांगेत उभी असतात. कांद्याच्या पेशीत सोळा असतात, लांबलचक असतात आणि एकमेकांत गुंतलेली असतात.

म्हणून हा लेख दोन कामांचा आहे: स्लाइड करणं आणि ती वाचणं. पहिलं काम हाताच्या सवयीचं. मुलं अडतात ती दुसऱ्यापाशी.

कांदा

नुकता काढलेला कांदा घेऊ नका. काढणीनंतर काही आठवडे कांदा सुप्तावस्थेत असतो आणि पाण्यात ठेवला तरी मुळं सोडत नाही. लोणंदच्या बाजारातून आलेल्या कांद्यांतले टोपलीत पडून जुने झालेले, शेंड्याला हिरवा कोंब डोकावू लागलेले, लिंबाएवढे कांदे आम्ही बाजूला काढून ठेवतो. स्वयंपाकघरात ज्याला नावं ठेवतात तोच कांदा इथं उपयोगाचा.

बुडाची वाळकी मुळं ब्लेडनं खरडून काढा, पण खालची चकती कापू नका. नवी मुळं त्या चकतीतूनच येतात. काचेच्या पेल्यावर कांदा असा ठेवा की पाणी फक्त बुडाला टेकेल. कांदा बुडला तर कुजतो. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मग वापरा, म्हणजे क्लोरिन उडून जातो, आणि रोज बदला. तीन ते पाच दिवसांत दोन-तीन सेंटिमीटर लांब, पांढरीशुभ्र मुळं येतात. जानेवारीत साताऱ्याची थंडी जास्त असेल तर आणखी दोन दिवस धरा. आमचे प्रयोगशाळेतले मामा पेले फ्रीजच्या मागच्या बाजूला ठेवतात. तिथं ऊब असते. ही युक्ती कुठल्याही प्रात्यक्षिक पुस्तकात नाही.

कांदाच का, तर कांद्याचा जनुकसंच माणसाच्या सुमारे पाचपट मोठा आहे आणि तो फक्त १६ गुणसूत्रांत बसवलेला आहे. साहजिकच एकेक गुणसूत्र चांगलं दणकट असतं आणि कॉलेजच्या साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसतं. लसणाचीही गुणसूत्रं १६च, तोही चालतो.

मुळं कापणं आणि थांबवणं

मुळं सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान कापायची, अशी प्रयोगशाळांतली जुनी वहिवाट आहे. मुळाच्या वाढीला दिवसाची लय असते आणि या वेळेला विभागणाऱ्या पेशी चांगल्या मिळतात. टोकाकडचा एक सेंटिमीटर कापा आणि लगेच स्थिरीकारक द्रावणात टाका: तीन भाग इथाइल अल्कोहोल, एक भाग ग्लेशियल ॲसिटिक आम्ल. "लगेच" म्हणजे खरोखर लगेच. हे द्रावण पेशीला 'स्टॅच्यू' म्हणतं; जी पेशी जिथं असेल तिथंच गोठते. कापलेली मुळं ओट्यावर ठेवून गप्पा मारल्यात तर ज्या पेशी विभाजनाच्या मध्यात होत्या त्या पुढं सरकतात आणि नवीन फारशा सुरू होत नाहीत.

द्रावण त्याच दिवशी करा. एका वर्षी मी वेळ वाचवायला आठवडाभर आधी करून ठेवलं. बाटली उघडली तर नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास आला. अल्कोहोल आणि आम्ल यांची आपापसात अभिक्रिया होऊन एस्टर झालं होतं. तरी वापरलं, आणि सगळ्या वर्गाच्या स्लाइडमध्ये गुणसूत्रांच्या जागी धुकं. चाळीस मुलं आणि दोष द्यायला कुणी नाही, मीच.

चोवीस तासांनी मुळं ७० टक्के अल्कोहोलमध्ये काढून फ्रीजमध्ये ठेवली की काही महिने टिकतात.

मऊ करणं, रंगवणं, दाबणं

मुळातल्या पेशी एकमेकींना पेक्टिननं चिकटलेल्या असतात; पेरूची जेली ज्यामुळं जमते तेच पेक्टिन. तो डिंक सैल करायला एक नॉर्मल तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक आम्लात, ६० अंश सेल्सिअसला, पाच ते आठ मिनिटं. वॉटर बाथ नसेल तर पातेल्यातल्या गरम पाण्यात परीक्षानळी उभी करून थर्मामीटर लावा. कमी झालं तर पेशी पसरत नाहीत, जास्त झालं तर मुळाचं गरगटं होतं आणि चिमट्यात येत नाही. आम्ल नेहमी पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही. हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी. अल्कोहोलची बाटली स्पिरिटच्या दिव्यापासून लांब.

मुळं पाण्यानं धुऊन ॲसिटोकार्मिनमध्ये दहा मिनिटं ठेवा. हा लाल रंग कोचिनियल नावाच्या किड्यापासून मिळतो आणि त्याला लोह मिळालं की तो जास्त गडद चढतो. त्यामुळं मूळ कोचायला स्टीलची चकचकीत सुई न घेता साधी लोखंडी, थोडी गंजलेली सुई घ्या. रंगाच्या थेंबात ती दोन-चार वेळा फिरवली की लाल रंग किंचित जांभळट होतो. तिथं थांबा, नाहीतर सगळंच काळं होईल.

आता टोक बघा. टोकाचा दीड-दोन मिलिमीटर भाग बाकीच्या मुळापेक्षा गडद दिसेल, कारण तिथं लहान पेशींची दाटी असते आणि प्रत्येकीत मोठं केंद्रक. तेवढाच भाग ठेवा, बाकी टाकून द्या. मुलं नेमकं उलटं करतात: जाड भाग स्लाइडवर आणि टोक कचऱ्यात. जाड भागातल्या पेशी नुसत्या लांबत असतात, विभागत नाहीत. तिथं तासभर शोधलं तरी हाती काही लागायचं नाही.

टोकावर रंगाचा नवा थेंब घालून स्लाइड ज्योतीवरून दोन-तीनदा पटकन फिरवा. हाताच्या पालथ्या बाजूला सोसेल इतकीच गरम. थेंब उकळता कामा नये. आच्छादक काच तिरकी टेकवून हळू सोडा. आगपेटीच्या काडीच्या मागच्या टोकानं वरून टकटक करा, पेशी ढगासारख्या पसरताना नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. मग टिपकागदाची घडी ठेवून अंगठ्यानं सरळ खाली दाबा. भाकरी थापताना हात फिरतो, इथं फिरता कामा नये. काच एक केसभर सरकली तरी पेशी गुंडाळल्या जातात आणि सगळी मेहनत वाया.

वाचण्याआधी तीन प्रश्न

आधी कमी शक्तीची भिंग लावा. लांबट आयताकृती पेशी दिसल्या तर तुम्ही चुकीच्या गल्लीत आहात. लहान, चौकोनी, खचाखच भरलेल्या पेशींचा मोहल्ला शोधा आणि मग ४५ची भिंग फिरवा.

आता "ही कोणती अवस्था?" असं विचारू नका. प्रत्येक पेशीला तीन प्रश्न विचारा. धागे सुटे ओळखू येतात का? असले तर पेशीत कुठं आहेत? आणि प्रत्येक धागा एकेरी आहे की दुहेरी? तिसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा डोळ्यांना दिसणार नाही, डोक्यानं काढावं लागेल. पण अवस्थेचं नाव या तीन उत्तरांतून आपोआप निघतं.

*धागे दिसतच नाहीत, गोल दाणेदार केंद्रक आहे.* ही अंतरावस्था. आत एक-दोन फिकट ठिपके दिसतील, त्या केंद्रकी. स्लाइडवरच्या बहुतेक पेशी अशाच असतात आणि मुलं त्यांना "काही नसलेल्या" म्हणून सोडून देतात. सगळ्यात मोठं काम तर इथंच झालेलं असतं: प्रत्येक गुणसूत्रातल्या डीएनएची नक्कल.

*धागे दिसतात, पण गोळा गोलच आहे.* पूर्वावस्था. लोकरीचा गुंडा डोळ्यांपुढं आणा. सुरुवातीची पूर्वावस्था आणि अंतरावस्था यांत फसायला होतं. फिकट केंद्रकी अजून स्वच्छ दिसतेय का ते बघा. ती पुसट होत गेली आणि धागे जाड होत गेले की पूर्वावस्था पुढं सरकली. धागे इथं दुहेरीच असतात, दोन जुळी अर्धगुणसूत्रं गुणसूत्रबिंदूशी जोडलेली.

*गोळा फुटलाय, धागे पेशीभर विस्कटलेत.* पुस्तकातल्या चार आकृत्यांत ही पेशी नाही, म्हणून मुलं तिला "बिघडलेली मध्यावस्था" म्हणतात. ती बिघडलेली नाही. केंद्रकावरण नुकतंच विरघळलंय आणि तर्कुतंतू, म्हणजे गुणसूत्रांना ओढणारे बारीक दोर, एकेका गुणसूत्राला पकडतायत. चाचपडणं, ओढाताण, पुन्हा पकड, असं सगळं चाललेलं असतं. पूर्वावस्था आणि मध्यावस्था यांच्यामधली ही पायरी वहीत जरूर काढा.

*धागे पेशीच्या मध्यावर एका पट्ट्यात.* मध्यावस्था. पण पट्टा दिसतो तो बाजूनं बघताना. पेशी टोकाकडून दिसत असेल तर तीच मध्यावस्था चांदणीसारखी दिसते, मध्ये गुणसूत्रबिंदू आणि बाहेर पसरलेल्या भुजा. ही चांदणी ओळखणारा विद्यार्थी मला वर्षाला एखादाच भेटतो. तर्कुतंतू मात्र ॲसिटोकार्मिननं रंगत नाहीत, ते दिसणार नाहीत. आणि प्राणीपेशीत तर्कुतंतूंच्या टोकांशी जे ताराकेंद्र असतं, ते कांद्याच्या पेशीत नसतं. आकृतीत दोन टोकांना ठिपके काढलेत तर परीक्षक हमखास विचारणार.

इथं पेशी जरा थबकते आणि का थबकते ते समजून घेण्यासारखं आहे. एसटीचा कंडक्टर दारात एक जरी प्रवासी लटकत असेल तरी घंटी देत नाही. तसंच, एक जरी गुणसूत्र दोन्ही बाजूंच्या तंतूंनी नीट पकडलं गेलं नसेल तर पेशी पुढं जात नाही. सगळी पकडली गेली की मग जुळ्या धाग्यांना बांधून ठेवणारं कोहेसिन हे प्रथिन एका विकराकडून कापलं जातं.

*दोन झुबके, भुजा मागं लोंबकळतायत.* पश्चावस्था. गुणसूत्रबिंदू पुढं, भुजा मागं. बिंदू मधोमध असेल तर इंग्रजी व्ही, थोडा सरकलेला असेल तर जे. कांद्यात हेच दोन जास्त दिसतात. केळीच्या दोन फण्या देठानं दोन बाजूंना ओढल्यासारखं चित्र. हिला कमी वेळ लागतो, म्हणून स्लाइडवर ती कमी सापडते. सापडली की आधी आकृती काढा, मग शेजाऱ्याला बोलवा. कुणाचा धक्का लागून स्लाइड कधी हलेल सांगता येत नाही.

*दोन टोकांना दोन गडद टोप्या, मध्ये पुसट रेघ.* अंत्यावस्था. ती रेघ म्हणजे पेशीपट्टिका. प्राणीपेशी बाहेरून आवळली जाऊन तुटते. कांद्याला भिंत आहे, त्यामुळं इथं नवी भिंत मधून कडेकडे बांधली जाते.

मोजणीचा घोळ

इथं जरा जास्त वेळ थांबतो, कारण परीक्षेतले गुण आणि समज दोन्ही इथंच सांडतात. प्रश्न ठरलेला: मध्यावस्थेत कांद्याच्या पेशीत गुणसूत्रं किती? निम्मा वर्ग म्हणतो १६, निम्मा म्हणतो ३२.

नियम एकच. गुणसूत्रबिंदू मोजा. बिंदू तितकी गुणसूत्रं.

फणीत कधीकधी जुळं केळं येतं. दोन केळी, पण एका सालीत. मोजताना आपण ते एकच धरतो. साल फाडून वेगळी केली की दोन. पूर्वावस्थेत आणि मध्यावस्थेत कांद्याच्या पेशीत १६ जुळी केळी आहेत: गुणसूत्रं १६, डीएनएचे रेणू ३२. पश्चावस्था सुरू होताक्षणी जुळी सुटतात: गुणसूत्रं ३२, रेणू ३२. नवीन काही तयार झालेलं नाही, फक्त मोजायची पद्धत बदलली. अंत्यावस्थेनंतर प्रत्येक पेशीत १६ आणि १६. मग अंतरावस्थेत नक्कल होते आणि पुन्हा १६ गुणसूत्रं, ३२ रेणू.

म्हणजे गुणसूत्रांची संख्या पश्चावस्थेत दुप्पट होते आणि डीएनए अंतरावस्थेत दुप्पट होतो. दोन दुपटी, दोन वेगळ्या वेळा. हे वाक्य पाठ करू नका. लोकरीचे सोळा तुकडे घेऊन टेबलावर करून बघा. आठ जोड्या आठ रंगांत, एक तुकडा आईकडचा, एक वडिलांकडचा. "नक्कल" म्हणजे प्रत्येक तुकड्याला त्याच रंगाचा जुळा तुकडा टाचणीनं टोचणं. टाचणी हाच गुणसूत्रबिंदू. एकदा हातानं केलं की घोळ राहत नाही.

स्लाइडवरून वेळ काढणं

स्लाइड म्हणजे चित्रपट नव्हे, गर्दीचा एक फोटो. तरी त्यातून वेळ काढता येतो. पोवई नाक्याच्या दहा फोटोंत रिक्षा जास्त आणि उंट एकही नाही, तर तिथून काय जास्त जातं ते कळतंच. ज्या अवस्थेला जास्त वेळ लागतो, तिच्यात फोटोच्या क्षणी जास्त पेशी सापडतात. समजा तुम्ही ३०० पेशी मोजल्या आणि त्यांतल्या २४ विभाजनात होत्या. २४ भागिले ३०० गुणिले १००, विभाजन निर्देशांक ८ टक्के. कांद्याच्या मुळाचं पेशीचक्र नेहमीच्या तापमानाला २० तासांच्या आसपास धरलं तर विभाजनाला दीड तासापेक्षा थोडा जास्त वेळ मिळतो. बाकी वेळ अंतरावस्था. २४ मध्ये पूर्वावस्थेचा वाटा सहसा सगळ्यात मोठा निघतो. मोजताना सोयीच्या, सुंदर पेशी निवडू नका. एका कडेनं सलग मोजत जा.

मग तो इंग्रजी एक्स कुठून आला?

मुलं स्लाइडवर एक्स आकाराची गुणसूत्रं शोधतात, कारण जाहिरातींपासून पुस्तकांच्या मुखपृष्ठांपर्यंत गुणसूत्र म्हणजे एक्स असंच चित्र असतं. तो आकार बहुधा कोल्चिसिन नावाचं रसायन दिलेल्या पेशींचा असतो. कोल्चिसिन तर्कुतंतू बनूच देत नाही. कंडक्टर घंटी देत नाही, पेशी मध्यावस्थेतच अडकते, गुणसूत्रं आखूड होत जातात आणि जुळ्या भुजा फाकतात. फक्त बिंदूशी जोड उरते, तोच एक्स.

स्वीडनमधल्या अल्बर्ट लेव्हान यांनी १९३८ साली कोल्चिसिनचा हा परिणाम कांद्याच्याच मुळांवर तपासला होता. पुढं १९५६ साली जो हिन चियो आणि लेव्हान यांनी माणसाची गुणसूत्रं ४६ असल्याचं दाखवलं. त्याआधी तीसेक वर्षं सगळे ४८ मानत होते. मोजणीत वर्गातली मुलं चुकली तर मी फार रागावत नाही, त्याचं हे एक कारण.

कोल्चिसिन आपल्या डोंगरातही आहे. पावसाळ्यात सह्याद्रीत कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी तुम्ही पाहिली असेल. तिच्या कंदात तेच असतं आणि ते जीवघेणं विष आहे. फोटो काढा, हात लावू नका, प्रयोगाला तर मुळीच आणू नका.

अर्धगुणसूत्री विभाजन आणि हळद

मुळाच्या टोकात फक्त सूत्री विभाजन, म्हणजे आत्तापर्यंत पाहिलेलं, मिळेल. अर्धगुणसूत्री, म्हणजे परागकण बनताना गुणसूत्रं निम्मी करणारं विभाजन, बघायचं तर कांद्याचे डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, धरा. गोंडा पूर्ण उमलण्याआधीच्या अगदी लहान कळ्या त्याच द्रावणात स्थिर करा, सुईनं परागकोश बाहेर काढा आणि ॲसिटोकार्मिनमध्ये दाबा. हायड्रोक्लोरिक आम्लाची गरज नाही. कळ्यांचे तीन-चार आकार घ्या, कारण नेमका टप्पा हुकतोच.

फरक एका जागी आहे. इथं विभाजनाच्या आधी आईकडचं आणि वडिलांकडचं गुणसूत्र एकमेकांना शोधून जोडी करतात आणि तुकड्यांची अदलाबदल करतात. म्हणून मध्यावर १६ सुटी न दिसता ८ जोड्या दिसतात. पहिल्या फेरीत जोडी फुटते, टाचणी तशीच राहते. दुसऱ्या फेरीत टाचणी सुटते.

आता जोडीच जमत नसेल तर? हळदीत २१चे तीन संच आहेत, एकूण ६३. दोघांच्या खेळात तिसरा आला की कुणी कुणाचा हात धरायचा? गुणसूत्रं वेडीवाकडी वाटली जातात, परागकण बहुतेक वांझ निघतात, बी जवळजवळ धरत नाही. वाईकडे असो की २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या सांगलीच्या हळदीच्या पट्ट्यात, शेतकरी हळदीचं बी पेरत नाही. बेणं म्हणून गड्डे लावतो.

गेल्या जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा वाईकडची एक मुलगी कोंब आलेला जेठा गड्डा पिशवीत घालून घेऊन आली. "सर, हिची मुळं चालतील का?" चालतील, मी म्हटलं. मुळाला जोडी लागत नाही, प्रत्येक गुणसूत्र आपापलं जुळं घेऊन मध्यावर येतं, तीन संच असले तरी. पण हळदीची गुणसूत्रं बारीक असतात आणि ६३ मोजायची आहेत, डोळे फुटतील. ती म्हणाली, मोजते.

मामांनी गड्डा ओल्या वाळूच्या डब्यात खोचला आणि डबा फ्रीजच्या मागं सरकवला.